डोहाचा पत्ता

बसवनगुडी, बंगळूर



रविवारी गॅलरीत बसून तू व्हिडिओ दाखवलास, तेव्हा मी नुसतं 'छान आहे' म्हणालो आणि गप्प झालो. तुला ते लागलं असणार. व्हिडिओ छानच आहे. धुक्यातून उतरत आलेलं कुरण, मग शोलाची गर्द झाडी आणि तिच्या पोटात तो काळाभोर डोह. पण डोहाच्या काठाशी एक काळा पाइप आहे, त्याचं तोंड दगडाखाली दाबून ठेवलंय. जेमतेम दोन सेकंद दिसतो. माझी नजर तिथेच अडकली, म्हणून बोलणं सुचलं नाही.

मलनाडात असा पाइप दिसला की समजावं, खाली घर आहे. वरच्या झऱ्यात पाइप टाकायचा आणि उताराने पाणी दारात आणायचं. मोटार नाही, बिल नाही. तुम्हाला ताक देऊन 'ऊटा आयता?', म्हणजे जेवलात का, असं विचारणाऱ्या त्या आजींच्या घरातलं पाणी त्याच डोहातलं. त्या पाण्यात तुम्ही चौघं पोहलात. चौघांनी काही बिघडत नाही. व्हिडिओखाली शंभरावर लोकांनी 'लोकेशन?' विचारलंय आणि 'मामा, टाकू का?' असं तू मला विचारलंस. त्याचं उत्तर सवडीने द्यावं म्हणून हे पत्र.

टाकू नकोस, असं माझं मत आहे. ते तुला पटावं म्हणून मी केलेली एक चूक आधी सांगतो. तीस वर्षांपूर्वी आमचा पाच-सात जणांचा गट होता, दर महिन्याला कुठेतरी जायचो. चिकमगळूरच्या बाजूला एका कड्यावर गेलो आणि मला ती वाट इतकी आवडली की परत आल्यावर नकाशा काढून दोन पानं लिहिली, झेरॉक्स काढून ओळखीपाळखीत वाटली. 'वेलदोड्याच्या बागेतून सरळ वर जावे' असं माझ्या अक्षरात लिहिलं होतं. बाग कुणाची, हे लिहायचं सुचलं नाही. दोन वर्षांनी पुन्हा गेलो तर बागेला काटेरी तार. पहिल्या वेळी आम्हाला गूळ-पाणी देणारे मालक ओसरीवरून उठले नाहीत. आत जाऊन एक कागद घेऊन आले. मातीने माखलेला, चार घड्या पडलेला माझाच नकाशा. 'नीवे बरेदद्दा?' एवढंच विचारलं. तुम्हीच लिहिलंय का? मी हो म्हणालो. त्यांनी मला तुडवलेली रोपं दाखवली, वेलदोड्याच्या बुंध्याशी फुटलेली बाटली दाखवली. रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. वाटलेल्या प्रती पन्नाससुद्धा नव्हत्या. तुझा व्हिडिओ किती जणांनी पाहिलाय, ते तूच मला सांगितलंस.

कुमार पर्वताचं तर तुझ्या डोळ्यांदेखत झालं. 2024 च्या 26 जानेवारीला जोडून सुट्ट्या आल्या आणि त्या वाटेवर माणसांची रांग लागली. देवळात दर्शनाला लागते तशी, पुढच्याच्या पाठीला नाक लावून. ते फोटो देशभर फिरले. पुष्पगिरी अभयारण्यातला 1712 मीटरचा डोंगर तो. कुमारधारा तिथल्याच रानातून निघते आणि उप्पिनंगडीला नेत्रावतीला मिळते. गवत आणि शोला पावसाचं पाणी धरून ठेवतात, म्हणून उन्हाळ्यात खाली ओढे वाहतात. त्या गवतावर वाट सोडून हजारो पावलं पडली की माती उघडी पडते आणि पुढच्या पावसात घळ होते. फोटो पाहून वनमंत्री ईश्वर खंड्रे यांनी, जिथे ऑनलाइन नोंदणीची सोय नाही तिथले ट्रेक तात्पुरते थांबवले. पुढे ऑक्टोबरात 'अरण्य विहार' संकेतस्थळ आलं, एका वाटेवर दिवसाला तीनशेची मर्यादा आली. हे योग्यच झालं. पण कुमार पर्वताला वनखात्याची चौकी आहे, मोजायला माणूस आहे. तुझ्या डोहाला कोण आहे? एक म्हातारी आणि तिचा पाइप.

तू रविवारी एक गोष्ट म्हणालास, ती मी मनावर घेतली आहे. 'तुम्ही सगळं पाहून घेतलंत आणि आता आमच्या पिढीला दार बंद?' डोंगर कुणाच्या मालकीचा नाही, हे मलाही मान्य. आपल्यात डोंगरावर लिहायची परंपरा मोठी आहे. गो. नी. दांडेकर आयुष्यभर किल्ले हिंडले, 'दुर्गभ्रमणगाथा' लिहिली, ती वाचून कितीतरी लोक घराबाहेर पडले. मीही त्यातलाच. पण पुस्तक वाचून निघालेल्या माणसाला गावात उतरून वाट विचारावी लागायची. विचारताना चार शब्द बोलणं व्हायचं, पाण्याचं टाकं कुठलं प्यायचं आणि कुठलं गुरांचं ते कळायचं, 'आज वर जाऊ नका' हेही कुणी सांगायचं. लोकेशनच्या खुणेमुळे हे मधलं माणूसच गळून जातं. गाडी थेट पायथ्याला लागते आणि गावाशी एक शब्द न बोलता लोक वर चढतात. माझा आक्षेप एवढ्यालाच आहे. तू त्या जागेबद्दल जरूर लिही, भरभरून लिही. जळवांचं लिही, धुक्याचं लिही, आजींच्या ताकाचं लिही. फक्त सुई टोचल्यासारखा ठिपका देऊ नकोस.

सांगण्याने भलंही होतं, हे मी विसरलेलो नाही. आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात एक इवलासा मासा सापडला. 2020 साली अभ्यासकांनी त्याचं नाव जगाला सांगितलं आणि दुसऱ्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. गप्प राहिले असते तर ते झालं नसतं. पण तिथे जागेला राखण मिळाली. उलट आयनॅचरलिस्टवर तू फुलांचे फोटो टाकतोस ना, तिथे धोक्यातल्या प्रजातीची नेमकी जागा आपोआप झाकली जाते, वीसेक किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी एवढंच दिसतं. फुलासाठी जे करतात ते आजींच्या पाण्यासाठी आपण का करू नये?

आणखी एक भीती आहे. 2024 च्या जुलैत माणगावजवळ कुंभे धबधब्यापाशी एक तरुण मुलगी दरीत कोसळून गेली. व्हिडिओ करायला गेली होती. तिला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही, तुझ्याच वयाची होती. अशा वेळी दोर बांधून खाली उतरतात ती त्याच भागातली पोरं, स्वतःचा जीव टांगून. तुझ्या डोहाशी शेवाळलेला कातळ आहे, मोबाइलला रेंज नाही. तू पोहायला शिकलास बसवनगुडीच्या तलावात. विचारणाऱ्या शंभरातल्या किती जणांना पोहता येतं, हे तुला ठाऊक नाही.

आता कामाचं. तुझ्या ॲपवर त्या दिवसाची चालण्याची रेघ सगळ्यांना दिसते आहे, ती आजच फक्त स्वतःपुरती कर. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून कुणाला पाठवले असशील तर जागेचे आकडे त्यात तसेच गेलेले असतात, तेही पाहा. मागच्या शिखराचा आकार ओळखून जागा सांगणारे लोक आहेत, म्हणून तो तुकडा काढलास तर बरं. अगदी मनापासून विचारणारा कुणी भेटला तर त्याला पत्ता देऊ नकोस, सोबत घेऊन जा. आजींच्या दारावरून ने.

कोडगूत देवरकाडू आहेत, तशा आपल्याकडे देवराया. लहानपणी कोकणात आजोबांनी मला देवराईत नेलं होतं. आत शिरण्याआधी चपला काढायला लावल्या आणि बाहेर येताना माझी मूठ उघडून पाहिली. मुठीत एक लाल गुंज होती. ती परत आत ठेवून ये म्हणाले, मी रडत रडत ठेवून आलो. त्या राईचं नाव त्यांनी कुणापासून लपवलं नव्हतं, साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. आत जाणाऱ्या प्रत्येकाची मूठ पाहणारं कुणीतरी होतं, एवढंच.

हे सगळं माझं मत झालं. पाणी आजींचं आहे आणि त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही. त्यांचा काढलेला फोटो आणून द्यायचं तू कबूल केलं होतंस ना? तो इथे गांधी बाजारात छापून घेऊ. येत्या शुक्रवारच्या रात्रीची बस धरू, मी मॅजेस्टिकला साडेनऊला येतो. कानडी बोलायला मी आहे. त्यांना व्हिडिओ दाखवू, पाइप दिसतो तिथे थांबवू आणि विचारू. पाव किलो कॉफी पूड मी घेतो, चिकोरी न घातलेली. छत्री विसरू नकोस.

तुझा
मामा