स्टेअरिंग कॉलम उतरविताना

बिरवाडीच्या आसपासच्या गाड्यांना घाट चुकत नाहीत. महाबळेश्वरला आंबेनळी, भोरला वरंध. वळणावळणाला स्टेअरिंग फिरत राहते आणि बुश, बेअरिंग, क्रॉस झिजतात. 2021 च्या जुलैत महाडला पूर आला. अशा पुरात डॅशबोर्डपर्यंत बुडालेल्या गाडीच्या कॉलममध्ये गाळ शिरतो, आणि तो वरून पाणी मारून निघत नाही. कॉलम उतरवावाच लागतो.

पण आधी खात्री करा. स्टेअरिंगला प्ले आला म्हणजे दोष कॉलमचाच, असे नव्हे. शागिर्दाला स्टेअरिंग हलवायला सांगून आपण खाली क्रॉस, बॉक्स, टाय रॉड एंड यांवर एकेक करून बोट ठेवावे. खटका बोटाला कळतो. गिऱ्हाईकाचा नाहक खर्च वाचला तर तो पुढच्या वेळी आपल्याकडेच येतो.

उतरविताना पुढची चाके सरळ करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. गाडीला एअरबॅग असेल तर कंपनीच्या पुस्तकात सांगितलेली मिनिटे थांबल्याशिवाय हात लावू नये. हे काम शिकलेले नसाल तर सरळ नाही म्हणावे, यात कमीपणा नाही. त्यानंतर स्टेअरिंग व शाफ्टवर, तसेच खालच्या क्रॉसवर रंगाची खूण करावी. स्टेअरिंग पुलरनेच काढावे. शाफ्टच्या तोंडावर हातोडा मारण्याची आपल्याकडची सवय फार वाईट. बऱ्याच गाड्यांचे कॉलम अपघातात आत दबावेत म्हणून तसे बनविलेले असतात. ठोकल्याने आतल्या नाजूक पिना तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

बसविताना खरी जोखीम खालच्या क्रॉसच्या बोल्टची. हा बोल्ट शाफ्टच्या खाचेतून गेला पाहिजे. आम्ही शिकाऊ असताना शाफ्ट पुरता आत न सरकवताच बोल्ट आवळला होता. पाना घट्ट लागला, आम्ही खूश! अंगणात गाडी मागे घेताना स्टेअरिंग फिरले, चाके जागीच. उस्ताद काही बोलले नाहीत. सगळे पुन्हा खोलायला लावले. हीच गाडी घाटात असती तर?

म्हणून शाफ्ट खुणेवर बसवून खाचेत बोल्ट घाला, ब्रॅकेटचे बोल्ट आधी हाताने लावा आणि मग क्रमाने आवळा. लॉक नट नवाच वापरा. एअरबॅगच्या गाडीत स्टेअरिंगखालची गुंडाळलेली पट्टी मध्यावर आहे ना, हे पाहा, नाहीतर पहिल्याच पूर्ण वळणात ती तुटेल. पुढचा भाग जॅकवर उचलून स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. कुठे वायर ताणली जाते का, हॉर्न वाजतो का, इंडिकेटर आपोआप परत येतो का, चावीचे लॉक सुटते का, हे पाहा.

ट्रायल सपाट रस्त्यावर घ्यावी, गिऱ्हाईकाला शेजारी बसवून. काढलेले बुश आणि जुना नट कागदात बांधून बिलासोबत त्याच्या हाती द्यावेत.