ओरडली का नाहीस?

हा प्रश्न मला पोलिसांनी विचारला नाही, घरच्यांनी विचारला. माणूस ओळखीतला, घरात येणं-जाणं असलेला. त्याने जबरदस्ती केली तेव्हा माझ्या तोंडून आवाज फुटेना, हातपाय हलेनात. आईला कळलं तसं तिने मला आंघोळीला पाठवलं, कपडे भिजत टाकले आणि कुठे बोलायचं नाही म्हणून बजावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. लेकीची अब्रू राखतोय असंच तिला वाटत होतं.

पुढे झोप गेली. सिडको बसस्थानकावर मागून कुणाचा धक्का लागला तरी घाम फुटायचा. तो माणूस लावायचा त्या तेलाचा वास आला की पोटात ढवळायचं. अभ्यासाला बसले की तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचायची. घरचे म्हणत, तापट झालीये, लग्न झालं की विसरेल. लग्न हे यावरचं औषध नाही, हे आई-बापांना मी स्पष्टच सांगते.

घाटी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात मी गेले ती फार उशिरा, तीही झोपेच्या गोळ्या मागायला. तिथल्या डॉक्टर बाईंनी समजावलं: जिवावर बेतलं की शरीर कधी झुंजतं, कधी पळतं, कधी जागच्या जागी थिजतं. ते आपल्या हातात नसतं आणि ती संमती तर नसतेच. आठवणी तुटक, उलटसुलट येतात, म्हणून बाई खोटं बोलते असंही नाही. इतकी वर्षं मी स्वतःलाच दोष देत होते.

मथुरा प्रकरणाबद्दल नंतर वाचलं. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातच पोलिसांनी बलात्कार केल्याची तक्रार मथुरा या आदिवासी मुलीने केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड पटत नाही, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडलं. त्यावर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर यांनी खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. "ओरडली का नाहीस?" हा घराघरांतला प्रश्न मात्र अजून बदललेला नाही.

कुणावर असा प्रसंग आला तर आधी दवाखाना गाठा. सरकारी असो वा खासगी, मोफत उपचार द्यावेच लागतात. रुग्णालय पोलिसांना कळवतं, पण तक्रार नाही म्हणून उपचार अडवता येत नाहीत. एचआयव्ही टाळण्याची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. शक्यतो आंघोळ करू नका, कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा. आंघोळ झाली असली तरी दवाखान्यात जाच. योनीमार्गात दोन बोटं घालून केली जाणारी तपासणी सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये गैरवर्तन ठरवली आहे, तिला नकार द्या. तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेतल्या आर्थिक मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

मनाचं काम सावकाश चालतं. मला आधी झोपेसाठी औषध मिळालं, मग बोलणं सुरू झालं. छाती धडधडायला लागली की मी पाय जमिनीवर घट्ट टेकवते आणि समोर दिसणाऱ्या वस्तूंची नावं मोठ्याने घेते: खिडकी, तांब्या, चप्पल. आपण आत्ता इथे आहोत, तिथे नाही, हे शरीराला कळायला वेळ लागतो. मध्येच एखादा आठवडा पुन्हा वाईट जातो, म्हणून उपचार सोडायचे नाहीत. आणि ऐकून घेणारं एक तरी माणूस हवं. मला मावशी मिळाली. तिने काही विचारलं नाही, फक्त दर वेळी दवाखान्यात सोबत आली.

तुमच्या घरात कुणी असं सांगायला आलं तर उलटतपासणी घेऊ नका. "माझा तुझ्यावर विश्वास आहे" एवढंच म्हणा आणि तिच्यासोबत निघा. रात्री-अपरात्री जीव नकोसा वाटला तर 14416 ही टेली-मानस सेवा फोनवर चोवीस तास, मोफत, मराठीतही मिळते. महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे. दोन्ही क्रमांक आजच फोनमध्ये टाकून ठेवा.