हौसेचा हप्ता

दिल्लीतल्या झंडेवालानच्या सायकल बाजारात लहान मुलांच्या तीनचाकी सायकलींशेजारी बॅटरीवर चालणाऱ्या मोटारीही मिळतात. मूल आत बसून ती चालवते. गुरुग्राम-नोएडाच्या मॉलमध्ये अशीच वस्तू परदेशी नावाने आणि बऱ्याच चढ्या किमतीला असते. हौसेला मोल नाही म्हणतात. हप्ता मात्र असतो, आणि तोच पुढे केला जातो.

समजा, मोटार १८,००० रुपयांची आहे. दरमहा १,५०० रुपये, १२ हप्ते, ‘बिनव्याजी’. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. व्याज बहुधा प्रक्रिया शुल्काच्या रूपाने वसूल होते. म्हणून दुकानात एवढेच विचारा: रोख दिले तर कितीला द्याल? हप्त्यांची बेरीज आणि रोख किंमत यांतला फरक म्हणजे तुमचे व्याज. क्रेडिट कार्डावर हप्ते केले तर व्याजावरचा १८ टक्के जीएसटी वेगळा.

मूल दोनेक वर्षांत त्या मोटारीत मावेनासे होते. तोवर पुढच्या वाढदिवसाच्या वस्तूचा हप्ता चालू झालेला असतो! असे पाच वर्षे चालले तर ९०,००० रुपये जातात. तेच १,५०० रुपये टपाल खात्याच्या आवर्ती ठेवीत ६.७ टक्के दराने भरले, तर पाच वर्षांनी सुमारे १,०७,००० हाती येतात. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी खाते पाहा. ही योजना जानेवारी २०१५ मध्ये दिल्लीजवळच्या पानिपतला सुरू झाली. वर्षाला २५० रुपये भरूनही खाते चालू राहते.

कुत्र्यांच्या बाबतीत हिशेब थोडा वेगळा आहे. डिझायनर कोट, वाढदिवसाचा केक हा खर्च डोळ्यांना दिसतो. पण दिल्लीच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात बर्फाळ प्रदेशातला हस्की पाळला, की खरी चैन विजेच्या बिलात असते, आणि ती कुत्रा असेपर्यंत सुटत नाही. कोट आवडला नाही तर पुन्हा घ्यायचा नाही, एवढे सोपे ते नाही. त्यामुळे पिल्लू आणण्याआधीच वर्षाचा खर्च कागदावर मांडा: रेबीजची लस, महापालिकेची नोंदणी, खाणे, डॉक्टर, वीज. लस आणि नोंदणी टाळता येत नाही. कोटाचे पैसे या यादीनंतर उरले, तर खुशाल घ्या. नाहीतर जुना स्वेटर कापून चालतो, कुत्र्याची तक्रार नसते.