डोळ्यात गेलेले कुसळ आणि पाण्यातील अमीबा

अमीबा हा एकपेशीय जीव शिक्षकांना पाठ्यपुस्तकातून परिचित आहेच. आव होण्यास कारण ठरणारा अमीबा माणसाच्या आतड्यात वाढतो; प्रस्तुत अमीबाला मात्र माणसाची गरज नसते. माती, ओढे, विहिरी, तळी, इतकेच काय, नळाच्या पाण्यातही तो जीवाणू खाऊन स्वतंत्रपणे जगतो. त्यास अकँथअमीबा म्हणतात. पाणी आटले की तो स्वतःभोवती दुहेरी कवच निर्माण करतो आणि त्या अवस्थेत वर्षानुवर्षे टिकतो. पिण्याच्या पाण्यात घालतात तेवढ्या क्लोरीननेही हे कवच भेदले जात नाही.

पाश्चात्त्य देशांत या अमीबाचा नेत्रविकार मुख्यतः कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांस होतो. शहापूर-मुरबाडच्या खेड्यांत त्याची वाट निराळी. भातझोडणीच्या दिवसांत खळ्यावर तूस उडते, कुसळाने बुबुळावर ओरखडा पडतो आणि खुपणारा डोळा जवळच्या डबक्यातील पाण्याने धुतला जातो. अशा जखमेत बुरशीचा संसर्ग अधिक आढळतो, अमीबाचा क्वचित. आणि क्वचित म्हणूनच तो वेळेवर ओळखला जात नाही. डोळा जेवढा बिघडलेला दिसतो त्या मानाने ठणका फार अधिक, हे त्याचे एक लक्षण. पुढे बुबुळावर पांढुरके कडे उमटते व अखेर फूल पडून दृष्टी जाते. दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनी लाली उतरते, संसर्ग मात्र आत पसरत राहतो. पाल्याचा रस घालण्याची चाल तर सर्वथा त्याज्य होय.

निदानाची रीत वर्गात सांगण्याजोगी आहे. बुबुळाचा किंचित खरवडा जीवाणू पसरलेल्या आगरच्या थरावर ठेवतात. अमीबा असल्यास तो जीवाणू फस्त करीत पुढे सरकतो आणि त्याच्या वाटा सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. उपचार दीर्घ असतो. आरंभी तासातासाला, रात्रीही, औषधाचे थेंब घालावे लागतात व पुढे ते कित्येक महिने चालतात.

दिवाळीच्या सुटीत पुष्कळ मुले खळ्यावर राबतात. सुटीनंतर वर्ग भरताच लाल, पाणावलेला किंवा उजेड न सोसणारा डोळा शिक्षकांनी हेरावा. कुसळ नुकतेच गेले असल्यास उकळून गार केलेल्या पाण्याची धार सोडावी. रुतलेले कुसळ उपसू नये, डोळा चोळू देऊ नये आणि मुलास त्याच दिवशी शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात वा जवळच्या सरकारी रुग्णालयात पाठवावे. सोबतच्या चिठ्ठीत डोळ्यात काय गेले, केव्हा गेले आणि तो कोणत्या पाण्याने धुतला, हे अवश्य लिहावे. त्यावरूनच डॉक्टरांना अमीबाची शंका येऊन खरवडा तपासण्याचे सुचते.