चिलटाची शुक्रपेशी

प्रश्न : द्राक्षं निवडताना सडक्या मण्यांवर चिलटं जमतात. त्या एवढ्याशा माशीची शुक्रपेशी माणसाच्या शुक्रपेशीपेक्षा लांब असते, असं आमची बारावीतली मुलगी सांगते. खरं का? आणि ती त्या अंगात मावते, घडते कशी?
— एक द्राक्ष बागायतदार, वणी (ता. दिंडोरी)

उत्तर : मुलगी बरोबर सांगते. ही चिलटं म्हणजे ड्रोसोफिला. (पेरू-आंब्यात अळ्या पाडणारी, जिच्यासाठी सापळे लावतात ती फळमाशी निराळी.) जेमतेम अडीच मिलिमीटरच्या नराची शुक्रपेशी १.८ मिलिमीटरच्या आसपास भरते. माणसाच्या सुमारे तीसपट. म्हणून पुढे ती गुंडाळी करूनच साठवावी लागते.

सुरुवात मात्र साध्या गोल पेशीने होते. ती चारदा विभागून १६ पेशी होतात, मग अर्धसूत्री विभाजनाने ६४. या विभागण्या अर्धवटच राहतात, त्यामुळे चौसष्टही जणी आतून जोडलेल्या असतात आणि दोन पोशिंद्या पेशींच्या पिशवीत वाढतात.

पुढचा भाग नाशिककरांच्या खास आवडीचा. प्रत्येक पेशीतल्या तंतुकणिका एकत्र येऊन दोनच मोठ्या उरतात आणि एकमेकींभोवती गुंडाळतात. सूक्ष्मदर्शकाखाली तो गोळा थेट कापलेल्या कांद्यासारखा दिसतो. ज्या जनुकात बिघाड झाला की हा कांदा नीट जमत नाही, त्याचं नाव १९९७ साली ‘फझी अनियन्स’, म्हणजे विस्कटलेले कांदे, असंच पडलं. तसा नर वांझ निघतो. याच घराण्यातलं एक जनुक माणसात बिघडलं तर हातापायांच्या नसा दुबळ्या होतात.

मग पेशी लांबत जाऊन तिला शेपटी येते, कांदा उलगडून त्या शेपटीभर पसरतो, केंद्रक सुईसारखं बारीक होतं. आता चौसष्ट जणींची फारकत. प्रत्येक केंद्रकापाशी अ‍ॅक्टिन प्रथिनाचा शंकू तयार होतो. सगळे शंकू एकाच वेळी डोक्याकडून शेपटीकडे सरकतात, जास्तीचा पेशीरस पुढे लोटतात आणि मागे प्रत्येकीला स्वतंत्र पटल मिळतं. एरवी पेशी मरताना जी विकरं वापरते तीच इथे कामाला येतात, पण पेशी मरत नाही. मला या साऱ्यात थक्क करतं ते हेच.

सुटण्याची वेळ कोण राखतं, हे मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कृशानु राय यांच्या गटाने शोधलं. डोक्याकडची पोशिंदी पेशी अ‍ॅक्टिनचे धागे शुक्रपेशींच्या मधे घालून जुडी घट्ट धरते. पकड सुटली तर शुक्रपेशी वेळेआधीच निसटतात. एखादं डोकं पोशिंदीतच घुसू लागलं, तर त्या जागी झटकन अ‍ॅक्टिन जमून त्याला मागे ढकलतं, हे २०१६ साली त्यांनीच दाखवलं.