इंग्रजी शिकवण्याचंही शिक्षण लागतं

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत औषधांच्या किंवा रसायनांच्या कारखान्यात गेलात, तर यंत्राशेजारी प्लास्टिकच्या पाकिटात एक कागद अडकवलेला दिसतो. सगळे त्याला ‘एसओपी’ म्हणतात. काम कोणत्या क्रमाने करायचं त्याच्या सूचना, बहुतेक वेळा इंग्रजीत. समजा, त्यात असं वाक्य आहे : ‘द व्हॉल्व्ह शाल नॉट बी ओपन्ड अनलेस द प्रेशर गेज रीड्स झीरो.’ ऑपरेटर आयटीआय झालेला, मराठी नाहीतर हिंदी माध्यमातला. त्याला व्हॉल्व्ह ठाऊक आहे, गेज ठाऊक आहे, झीरोही ठाऊक आहे. कधीकधी नव्या इंजिनिअरपेक्षा जास्तच. अडतं ते ‘नॉट’ आणि ‘अनलेस’ पाठोपाठ आले की. दोन नकार डोक्यात धरायचे, त्यातून कधी उघडायचा ते काढायचं, आणि वाक्याची घडण अशी की उघडणारा कोण याचा पत्ताच नाही.

हेच वाक्य असंही लिहिता आलं असतं : आधी गेज बघ. काटा शून्यावर असेल तरच व्हॉल्व्ह उघड. नसेल तर हात लावू नकोस, सुपरवायझरला बोलाव. इंग्रजीतही ही तीन वाक्यं तितकीच सोपी होतात. कागद असा लिहिणारा माणूस लागतो, आणि जुन्याच कागदावर काम भागवायचं असेल तर ‘अनलेस’ची गाठ ऑपरेटरला सोडवून दाखवणारा शिक्षक लागतो. दोघांचीही विद्या एकच आहे : भाषाविज्ञान, आणि त्याच्या पायावर उभं असलेलं इंग्रजी अध्यापनाचं शास्त्र. बदलापूर-अंबरनाथ-उल्हासनगरच्या करिअर मेळाव्यांत इंजिनिअरिंग, फार्मसी, सीए आणि स्पर्धा परीक्षा यांचे टेबल लागतात. या विद्येचं टेबल मी तरी अजून पाहिलेलं नाही.

पालकांचा एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. ‘तिचं इंग्रजी फाडफाड आहे, म्हणजे शिकवेलच की!’ असं सहज म्हटलं जातं. स्टेशनबाहेरच्या स्पोकन इंग्लिशच्या पाट्यांनी तो समज आणखी पक्का केला आहे. पण बोलता येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं. एखादा मुलगा ‘व्हेअर यू आर गोइंग?’ म्हणतो. फाडफाड बोलणारी ताई म्हणेल, ‘चूक. व्हेअर आर यू गोइंग.’ मुलगा मान डोलावतो आणि पाच मिनिटांनी पुन्हा तसंच बोलतो. शिकलेली शिक्षिका आधी विचारते, हा असं का बोलला? मराठीत ‘तू घरी चाललायस’ आणि ‘तू कुठे चाललायस’ यांत शब्दांचा क्रम बदलत नाही. मुलगा मराठीचा नियम इमानाने पाळतो आहे. इंग्रजीत प्रश्न आला की ‘आर’ कर्त्याच्या पुढे उडी मारतो, ही उडी त्याला डोळ्यांनी दिसेल अशी दाखवावी लागते आणि मग तिचा भरपूर सराव द्यावा लागतो. तेच ‘व्हाइन’ आणि ‘वाइन’चं. लिहिताना आपण ‘व्ह’ आणि ‘व’ वेगळे ठेवतो, बोलताना बहुतेकांचे दोन्ही सारखेच येतात. एकात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात ओठांचा गोल चंबू होतो. हे ठाऊक असलेली शिक्षिका आरसा घेऊन वर्गात जाते.

अशा चुकांचा अभ्यास ही या शास्त्राची मोठी शाखा आहे. १९५७ साली रॉबर्ट लाडो यांनी मांडलं, की दोन भाषा शेजारी ठेवून तपासल्या तर शिकणारा कुठे अडेल ते आधीच सांगता येतं. ते अर्धंच खरं निघालं. काही चुका मातृभाषा कोणतीही असो, सगळेच करतात. मग १९६७ मध्ये पिट कॉर्डर म्हणाले, चूक म्हणजे शिकणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय त्याचा पुरावा. १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी त्याच्या पुढे जाऊन सांगितलं, की शिकणाऱ्याची स्वतःची एक मधलीच भाषा तयार होत असते, तिला तिचे नियम असतात. लाल पेनाने वही रंगवणाऱ्या शिक्षकांनी एवढं वाचलं असतं, तर आपल्यापैकी कितीतरी जणांची इंग्रजीची धास्ती कमी झाली असती!

पद्धतींचा इतिहास तर आपल्या घरातलाच आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कैक पिढ्या इंग्रजी शिकल्या. नियम समजून घ्या, मराठी वाक्याचं इंग्रजी करा, इंग्रजीचं मराठी करा. या पद्धतीला आज नाकं मुरडतात. पण कारकुनी, वकिली आणि वृत्तपत्रं यांना लागणारं लेखी इंग्रजी तिने दिलं. बोलण्याची सवय दिली नाही, कारण तो तिचा हेतूच नव्हता. ‘रेन अँड मार्टिन’ या प्रसिद्ध व्याकरणातले रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते, आणि पुढे साहसकथा लिहून गाजले. स्वातंत्र्यानंतर वाक्यांचे साचे घोटून घेण्याची पद्धत आली. १९५८ साली हैदराबादला केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली आणि शिक्षकांचं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं. तीच संस्था आज ‘इफ्लू’ या नावाने केंद्रीय विद्यापीठ आहे.

मात्र जगाने ज्याची नोंद घेतली, तो प्रयोग दक्षिण भारतातल्या साध्या सरकारी शाळांतला. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि दक्षिणेतल्या इतर काही ठिकाणच्या वर्गांत व्याकरणाचा क्रमवार अभ्यासक्रमच बाजूला ठेवला. मुलांना नकाशे दिले, गाड्यांची वेळापत्रकं दिली आणि कोडी सोडवायला सांगितली. मन अर्थामध्ये गुंतलं की भाषा आपोआप बसत जाते, हा त्यामागचा विचार. त्यावरचं त्यांचं ‘सेकंड लँग्वेज पेडॅगॉजी’ हे पुस्तक १९८७ मध्ये आलं, आणि आज ज्याला ‘टास्क’वर आधारित अध्यापन म्हणतात त्याच्या मुळाशी हा बंगळूर प्रकल्प मानला जातो. आपल्याकडे हा धडा कसा होईल? कर्जत लोकलचं वेळापत्रक घ्या. एकाला सांगा, तुझी शिफ्ट सकाळी आठला आनंदनगरमध्ये सुरू होते, घर वांगणीला, स्टेशनहून रिक्षाला वीस मिनिटं धर. कोणती गाडी पकडशील, आणि ती चुकली तर काय करशील? उत्तर इंग्रजीत द्यायचं. व्याकरणाचा एकही नियम फळ्यावर न लिहिता ‘इफ’, ‘बिफोर’, ‘विल’ आणि मघाचं ‘अनलेस’सुद्धा तासाभरात दहादहा वेळा बोललं जातं.

महाराष्ट्रात जून २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. तेव्हा रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते. निर्णयावर वाद झाले, आजही होतात. माझं मत विचाराल, तर खरी अडचण इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून, याची नव्हती. पहिलीच्या मुलाला परकी भाषा कशी शिकवायची, याचं शिक्षण घेतलेली माणसं कमी होती. ती आजही कमीच आहेत. म्हणजे या क्षेत्रात जागा आहे.

आणि आपल्या भागातल्या मुलांकडे एक भांडवल आहे, ते घरच्यांच्या लक्षात येत नाही. उल्हासनगर हे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या कॅम्पातून उभं राहिलेलं शहर. तिथला मुलगा घरात आजीची सिंधी ऐकतो, बाजारात हिंदी बोलतो, शाळेत मराठी शिकतो. सिंधीत श्वास आत ओढल्यासारखे उच्चारले जाणारे चार व्यंजनवर्ण आहेत. मराठीत ते नाहीत. भाषाविज्ञानाच्या वर्गात ध्वनींचं लेखन शिकवताना इतर मुलं जिथे अडखळतात, तिथे या मुलाचा कान तयार असतो. एमआयडीसीतल्या कामगार वस्तीत भोजपुरी, अवधी, अहिराणी, आगरी ऐकत वाढलेल्या मुलांचंही तसंच. ‘आमच्या घरी शुद्ध बोलत नाहीत’ म्हणून लाजू नका. या शाखेत तोच अभ्यासाचा विषय असतो.

आता वाट कोणती, ते बघू. बारावी कोणत्याही शाखेतून झाली तरी चालते. पदवीला इंग्रजी, मराठी, हिंदी, मानसशास्त्र असं काही घेतलं तर सोयीचं. कल्याणचं बिर्ला कॉलेज किंवा उल्हासनगरचं चांदीबाई कॉलेज जवळ आहे, त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. भाषाविज्ञानात एम.ए. करायचं तर पहिलं नाव पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं. १९३९ पासून तिथे हा विषय शिकवला जातो, आणि ना. गो. कालेलकर, अशोक केळकर यांच्यासारखे अभ्यासक तिथे होऊन गेले. केळकरांनी आयुष्यभर गंभीर भाषाविचार मराठीतही लिहिला. तो वाचायला मुलांना इंग्रजी माध्यमाची अट नाही. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातही भाषाविज्ञान विभाग आहे. दिल्लीला जेएनयू आणि दिल्ली विद्यापीठ, हैदराबादला इफ्लू. प्रवेशाच्या अटी दरवर्षी बदलू शकतात, तेव्हा त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. शेजाऱ्याच्या मुलाने सांगितलं म्हणून फॉर्म भरू नका.

शाळेत शिकवायचं असेल तर पदवीनंतर दोन वर्षांचं बी.एड., मग टीईटी आणि टेट या परीक्षा, आणि अनुदानित शाळांसाठी ‘पवित्र’ हे भरतीचं पोर्टल. ही रांग लांब आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. खासगी शाळा लवकर घेतात, सुरुवातीला पगार मात्र कमी देतात. कॉलेजात जायचं तर एम.ए.नंतर नेट किंवा सेट. फक्त इंग्रजी अध्यापनातच तरबेज व्हायचं असेल, तर इफ्लूचे पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहेत. केंब्रिजचा ‘सेल्टा’ हा साधारण १२० तासांचा कोर्स आहे. त्यात प्रत्यक्ष वर्गावर सहा तास शिकवून दाखवावं लागतं. चांगला आहे, पण महागही आहे.

इथे पालकांनी जरा सावध राहायला हवं. ‘टेफल’ आणि ‘टेसॉल’ ही इंग्रजी अध्यापनाच्या प्रमाणपत्रांची नावं कोणा एका संस्थेच्या मालकीची नाहीत. दोन दिवसांत, घरबसल्या, प्रत्यक्ष वर्ग न घेता मिळणारी प्रमाणपत्रंही त्याच नावाने विकली जातात. विचारायचा प्रश्न एकच : माझ्या मुलीला खऱ्या विद्यार्थ्यांसमोर किती तास उभं करणार, आणि तिचा तास मागे बसून कोण बघणार? उत्तर टोलवलं तर पाकीट खिशात ठेवा. परदेशाचं गाजर दाखवणाऱ्यांनाही हाच नियम लावा. दक्षिण कोरियात खासगी क्लासमध्ये इंग्रजी शिकवण्याचा व्हिसा साधारणपणे सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांनाच मिळतो. त्यांत भारत नाही. ही गोष्ट फी भरून झाल्यावर कळण्यात हशील नाही.

वर्गाबाहेरची कामंही वाढत आहेत. केंद्र सरकारची ‘भाषिणी’ योजना, आयआयटी मुंबईतलं भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्र यांसारख्या ठिकाणी यंत्राला मराठी शिकवण्यासाठी वाक्यं तपासणारे, उच्चार नोंदवणारे, व्याकरण मांडणारे लोक लागतात. तिथे थोडं संगणकाचं ज्ञान असलेला भाषाविज्ञानाचा विद्यार्थी उपयोगी पडतो. वाचादोषांवर उपचार करायचे असतील तर ती वाट वेगळी : त्याला बारावी विज्ञान लागतं, आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था त्यासाठी प्रसिद्ध आहे. हे अकरावीला प्रवेश घेण्याआधी ठरवायला हवं, नंतर पंचाईत होते.

आणि एमआयडीसी? ‘भाषाशिक्षक पाहिजे’ अशी जाहिरात तुम्हाला कारखान्याच्या गेटवर दिसणार नाही. काम आहे ते प्रशिक्षण विभागात, गुणवत्ता विभागाच्या कागदपत्रांत, सुरक्षा अधिकाऱ्याच्या टेबलावर. औषध कारखान्यांसाठी शेड्यूल एमचे सुधारित नियम डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने आले. लेखी कार्यपद्धती आणि कामगारांच्या प्रशिक्षणाची नोंद त्यात सक्तीची आहे. रसायनांच्या सुरक्षा माहितीपत्रकाचे सोळा विभाग असतात, ते भरणाऱ्या माणसाला रसायनाबरोबर भाषाही कळावी लागते. शिवाय १९४८च्या कारखाना अधिनियमातल्या १०८व्या कलमाने तेव्हाच सांगून ठेवलं होतं, की सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळेल त्या भाषेत लावाव्यात. विशिष्ट कामासाठीचं इंग्रजी ही अध्यापनशास्त्रातली जुनी, मान्य शाखा आहे. तीत शिक्षक आधी कारखान्यात फिरतो, कामगार दिवसभर काय वाचतो, कोणती नोंदवही भरतो ते टिपतो, आणि मग धडा बनवतो. ज्या मुलीचे वडील त्याच शेडमध्ये शिफ्ट करतात, तिला ही पाहणी करायला फार लांब जावं लागणार नाही. बी.एस्सी. केमिस्ट्री करून नंतर भाषेकडे वळलेल्यांना इथे विशेष वाव आहे, असं मला वाटतं.

पैशाचं सरळ सांगतो. ही शाखा पहिल्याच वर्षी लठ्ठ पॅकेज देत नाही. एम.ए. झाल्यावर दोन-तीन वर्षं शाळा, शिकवण्या, भाषांतर अशी तुकड्यातुकड्यांची कमाई होते, आणि नंतर ज्याचं नाव होतं त्याचं बस्तान बसतं. घरात लगेच पगार यायलाच हवा अशी परिस्थिती असेल, तर आधी नोकरी धरा आणि अभ्यास दूरशिक्षणाने किंवा सुट्टीतल्या कोर्सने करा. इग्नूचा इंग्रजी अध्यापनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम अशांसाठी सोयीचा आहे.

निर्णय घेण्याआधी एक करून बघा. घरातल्या औषधाच्या डब्यातलं माहितीपत्रक किंवा सोसायटीतल्या अग्निशमन सिलिंडरवरची इंग्रजी सूचना घ्या. दहावीतल्या एखाद्या मराठी माध्यमाच्या मुलाला ती स्वतः वाचून समजेल, अशा सोप्या इंग्रजीत पुन्हा लिहा. त्याच्याकडून वाचून घ्या, तो अडेल तिथे का अडला ते लिहून काढा, मग वाक्य बदला. तीन-चार वेळा हे करताना मजा आली आणि ‘का अडला’ हा प्रश्न रात्री जेवतानाही डोक्यातून गेला नाही, तर डेक्कन कॉलेजची आणि कलिन्याची माहितीपुस्तिका मागवा. कंटाळा आला तर बी.कॉम.ला जा, त्यातही काही वाईट नाही.