रोगाची वाट आणि छावणीचे दार

शास्त्रपाठ : लेवीय 13:1-8, 14:1-3, 1 शमुवेल 6:1-5, योहान 9:1-3



लेवीय ग्रंथाचा तेरावा अध्याय आपल्या उपासनेत फारसा वाचला जात नाही. सूज, चट्टा, पांढरे पडलेले केस अशा वर्णनांनी तो भरलेला असल्यामुळे उपदेशकही बहुधा तो ओलांडून पुढे जातात. परंतु ज्या गावी ताप आला म्हणजे काही लोक गाऱ्हाणे घालावयास धावतात आणि उरलेले रोग्याच्या अंगणावरून जाण्याचेही सोडतात, त्या गावी हा अध्याय सावकाश वाचण्याजोगा आहे.

त्यात याजकास काय करावयास सांगितले आहे ते पाहा. प्रथम त्याने स्वतःच्या डोळ्यांनी चट्टा पाहावा. संशय असल्यास त्या मनुष्यास सात दिवस वेगळे ठेवावे. सातव्या दिवशी पुन्हा पाहावे. तरीही निश्चय न झाल्यास आणखी सात दिवस थांबावे, आणि मग शुद्ध किंवा अशुद्ध ते सांगावे. कोणाच्या पापामुळे हे झाले, कोणी करणी केली, कोणाची दृष्ट लागली, असा एकही प्रश्न त्याने विचारावयाचा नाही. पाहणे, वेगळे ठेवणे, दिवस मोजणे आणि पुन्हा पाहणे, एवढेच त्याचे काम. पुढील अध्यायाच्या तिसऱ्या वचनात याहूनही मोठी गोष्ट आहे. बरे होऊ लागलेल्या मनुष्याने याजकाच्या दारी येऊन उभे राहावे असे तेथे नाही. तर याजकाने छावणीच्या बाहेर जाऊन त्याला पाहावे असे आहे. जो वेगळा ठेवला तो टाकून दिलेला नव्हे. त्याच्याकडे कोणीतरी चालत गेलेच पाहिजे.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य वाटते. आपल्या जुन्या भाषांतरात या रोगास महारोग म्हटले आहे, आणि त्या एका शब्दाने पुष्कळ निरपराध माणसांचे आयुष्य नासले आहे. ज्या रोगाने कपड्यास आणि घराच्या भिंतीसही डाग पडतात असे शास्त्र सांगते, तो आजचा कुष्ठरोगच असे धरून चालता येत नाही. कुष्ठरोगाचा जंतू हान्सेन नावाच्या नॉर्वेतील वैद्याने 1873 साली शोधून काढला, आणि आज त्या रोगावर खात्रीचा औषधोपचार असून तो सुरू झाल्यावर थोड्याच काळात रोग्यापासून दुसऱ्यास बाधा होण्याचे थांबते. असे असूनही आपणां ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या घटस्फोटाच्या कायद्यात कुष्ठरोग हे विवाह मोडण्याचे एक कारण म्हणून राहिले होते. 2019 साली ते काढून टाकण्यात आले. कायद्याने जे सोडले ते मंडळीने धरून ठेवावे, हे कोणत्याही प्रकारे शोभणारे नाही.

आता मुख्य विषयाकडे येऊ. रोग्यास वेगळे ठेवावे हे खरे. पण प्रत्येक रोगात ठेवावे काय? आणि किती दिवस? याचे उत्तर तो रोग कोणत्या वाटेने येतो यावर अवलंबून आहे. चोर मागल्या दाराने येत असता पुढल्या दारास कुलपे घालून काय उपयोग?

याचा मोठा दाखला मुंबईच्या प्लेगाचा होय. 1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात हा रोग प्रथम ओळखला तो डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. हे मूळचे गोव्यातील हडफडे गावचे, म्हणजे आमच्या आरोंद्याच्या खाडीपलीकडचेच. रोग घाणीतून व दूषित हवेतून उठतो अशी त्या वेळी पुष्कळांची समजूत होती. म्हणून गटारे धुतली, घरांवर कार्बॉलिक औषध शिंपडले, आगगाडीच्या स्टेशनांवर माणसे उतरवून तपासली, आणि पुण्यात तर 1897 साली शिपाई घरोघर शिरले. लोक भयभीत होऊन मुंबई सोडून पळाले व रोग देशभर गेला. इतका सारा बंदोबस्त माणसांवर चालला असता उंदीर मात्र मोकळे फिरत होते.

1898 च्या जून महिन्यात सिमाँ नावाच्या फ्रेंच वैद्याने कराचीस एक साधा प्रयोग केला. प्लेगाने मरणारा, अंगावर पिसवा असलेला एक उंदीर त्याने काचेच्या मोठ्या भांड्यात ठेवला, आणि त्याच भांड्यात जाळीच्या लहान पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर असा टांगला की दोघांचा स्पर्श होऊ नये. पहिला उंदीर मेला, आणि थोड्या दिवसांनी दुसराही प्लेगानेच मेला. मधून गेली होती ती केवळ पिसू. या शोधावर कित्येक वर्षे विद्वानांनी विश्वास ठेवला नाही; 1905 पासून मुंबईस चाललेल्या तपासाने तो पक्का ठरला. खेड्यापाड्यांत मात्र घरात उंदीर मरून पडू लागले म्हणजे घर सोडून रानात झोपड्या घालून राहण्याची रीत पडली होती. त्या रीतीने खरोखर पुष्कळ जीव वाचले, कारण माणूस उंदरापासून व पिसवेपासून दूर गेला. (पलिष्ट्यांनी गाठींबरोबर सोन्याचे उंदीर का पाठविले असावेत, याचा विचार 1 शमुवेलाचा सहावा अध्याय वाचताना अवश्य करावा. तो रोग प्लेगच होता असे कित्येक भाष्यकारांचे मत आहे.)

त्याच काळी पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत हे प्लेगाच्या रोग्यांची सेवा करीत होते. त्या सेवेत सावित्रीबाईंना रोग लागून 10 मार्च 1897 रोजी त्या निवर्तल्या. छावणीच्या बाहेर जाणे म्हणजे काय, हे आपल्या प्रांताला शिकविणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले पाहिजे. मग ख्रिस्ती म्हणविणाऱ्याने मागे राहावे काय?

प्लेगाची गोष्ट जुनी झाली. आता आपल्याच रानातली पाहू. 1957 साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ आसपासच्या गावांतील माणसे तापाने पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी तेथे जाऊन रोगाचा विषाणू शोधून काढला. त्यालाच आपण माकडताप म्हणतो. पुष्कळ वर्षे हा रोग कर्नाटकातच राहिला. पुढे तो घाटाच्या कडेकडेने सरकत 2015 साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, 2016 च्या आरंभी आपल्या जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात केर गावी, आणि 2017 साली सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या आसपास दिसून आला. बांद्यावरून वाहणारी तेरेखोल नदीच पुढे आरोंद्यापाशी खाडी होते, हे येथील वाचकांस सांगावयास नको.

नाव माकडताप असले तरी माकड हे या रोगाचे घर नव्हे; तेही आपल्यासारखेच रोगी होय. रोग गोचिडीत वसतो. रानातील लहान उंदीर, चिचुंद्री यांच्या रक्तातून तो गोचिडीस मिळतो. मोठ्या झालेल्या गोचिडी गुरांच्या अंगावर पोसतात, म्हणून जेथे गुरे रानात चरतात तेथे त्यांची संख्या वाढते. गुरे मात्र या रोगाने आजारी पडत नाहीत. गोचिडीची तिळाएवढी पिले पावसाळा सरल्यानंतर, मुख्यत्वे डिसेंबरापासून मेपर्यंत, पातेऱ्यात आणि खुरट्या झुडपांवर दबा धरून बसतात. माकड मेले म्हणजे त्याचे थंड झालेले शरीर सोडून गोचिडी खाली उतरतात आणि जवळून जाणाऱ्या कोणत्याही उष्ण अंगाची वाट पाहतात. तेथेच काजूच्या बिया वेचणारी बाई येते, पातेरा गोळा करणारी मुलगी येते, कवळ तोडणारा गडी येतो.

चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत एकाएकी कडक ताप, कपाळात असह्य वेदना आणि अंग मोडून येणे असे सुरू होते. काहींच्या हिरड्यांतून व नाकातून रक्त येते. कित्येकांस आठ-दहा दिवसांनी उतार पडतो, आणि बरा झाला असे वाटत असता तिसऱ्या आठवड्यात ताप उलटून हातपाय कापू लागतात. शंभर रोग्यांत तीन ते पाच दगावतात. या रोगाचे खास औषध अद्याप नाही. वेळेवर इस्पितळात नेऊन शुश्रूषा करणे हाच उपचार. पूर्वी एक लस टोचीत असत, परंतु ती पुरेशी गुणकारी नाही असे दिसून आल्यावर 2022 साली तिचा वापर थांबला. म्हणून आज आपले रक्षण आपल्याच हाती अधिक आहे. रानात जाताना अंगभर कपडे घालावे, आरोग्य केंद्रातून मिळणारे डेपा तेल हातापायांस चोळावे, परत आल्यावर गरम पाण्याने स्नान करून कपडे उकळत्या पाण्यात टाकावे, आणि हंगामात गोठ्यात पातेरा अंथरू नये.

यात ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की माकडताप एका माणसापासून दुसऱ्या माणसास लागत नाही. रोग्याजवळ बसल्याने, त्याला पेज पाजल्याने, त्याचा हात धरून प्रार्थना केल्याने काही होत नाही. असे असता माकडतापाच्या रोग्यास ओटीवर एकटे टाकणे आणि आपण मात्र उघड्या पायांनी बागेत जाणे, हे पुढल्या दारास कुलूप लावून मागले उघडे ठेवण्यासारखेच आहे.

काजूचा हंगाम संपून लावणी लागली की दुसरा ताप येतो, तो लेप्टो. उंदरांच्या व कधी गुरांच्या मूत्रातून याचे जंतू शेतातल्या पाण्यात उतरतात आणि चिखलणी करणाऱ्याच्या पायास चीर असेल तेथून आत शिरतात. पोटऱ्या विलक्षण दुखणे आणि डोळे लाल होणे ही याची ओळख. पुढे कावीळ होते, मूत्रपिंडे बंद पडतात. येथे देवाची दया अशी की औषध आहे आणि ते स्वस्त आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत घेतले तर बहुतेक रोगी उठून बसतात. उशीर होतो तो अंगारा लावून वाट पाहण्यात, आणि आमच्या मंडळीतील काही घरांत नुसत्या प्रार्थनेवर विसंबून राहण्यातही. प्रार्थना करू नये असे मी म्हणत नाही. ती रिक्षात बसूनही करता येते.

जे रोग श्वासाने येतात त्यांचा नियम निराळा. क्षयाच्या रोग्याच्या घरी जाताना खिडक्या उघडाव्या, अंगणात बसावे, आणि तो औषध नेमाने घेतो की नाही हे विचारावे. 2020 साली करोनाच्या वेळी मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांस गावोगावच्या शाळांत चौदा दिवस ठेवले होते. लेवीयातले दोन आठवडे तेथे जसेच्या तसे होते, आणि त्या रोगास ते योग्यही होते. बाहेर चालत जाणारा याजक मात्र सगळीकडे नव्हता. कोठे लोकांनी दूर उभे राहून नावाने हाक मारली, विचारपूस केली. कोठे जेवणाचा डबा पायरीवर ठेवून मागे न पाहता निघून गेले. दोन्हींमध्ये अंतर सारखेच राखले होते.

म्हणून उपदेशक बंधूंनी तापाच्या घरी गेल्यावर, हे कोणाच्या पापामुळे, असे विचारू नये. शिष्यांनी आंधळ्याविषयी तेच विचारले होते आणि प्रभूने त्यांचा प्रश्नच बाजूस सारला. त्याऐवजी गेल्या दोन-तीन आठवड्यांत रोगी रानात गेला होता काय, चिखलात उतरला होता काय, जवळपास माकड मेलेले दिसले काय, हे विचारून वहीत टिपावे आणि तो कागद रोग्याबरोबर दवाखान्यात पाठवावा. वैद्यास त्याचा फार उपयोग होतो.

आता मेलेल्या माकडाविषयी. काही गावी त्याला मारुतीचे रूप समजून फुले वाहून पुरतात; शेजाऱ्यांच्या भावनेची थट्टा आपण करू नये, पण हात लावू नये एवढे प्रेमाने सांगावे. आरोग्य केंद्रास किंवा वनखात्यास लगेच कळवावे. ते लोक येऊन प्रेत जाळतात व सभोवार सुमारे पन्नास फूट गोचिडी मारण्याची पूड टाकतात. परंतु कळविण्यास माणूस कचरतो, आणि त्याचे कारण अज्ञान नव्हे. कळविले तर बागेत जाण्याची मनाई होईल, बिया जमिनीवर सडतील, आणि वर्षाचे कर्ज फिटणार नाही, हे त्याला ठाऊक असते. तो गप्प राहतो. त्याच वाटेने दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याची मुलगी पातेऱ्यास जाते. अशा मनुष्यास केवळ दोष देऊन भागत नाही. ज्याची बाग बंद होईल त्याचे नुकसान मंडळीने मिळून थोडेतरी भरून द्यावे, असे माझे मत आहे. उपकारस्तुतीच्या सणाचा काही भाग त्यासाठी वेगळा काढता येईल. ज्याची बाग निर्धोक आहे त्याने त्या घरास दोन-चार दिवसांची मजुरी देता येईल. हे ठरविण्यासाठी वडिलांनी नाताळ होताच सभा बोलवावी. एकदा बोंडे पिकून पडू लागली की सभेस बसावयास कोणालाच सवड नसते.